एका बाईचे दोन गोल

रुचिता मगदूम विद्यापीठात सहा वर्षं नेमकं काय करते, हे मंगळवार पेठेत कुणालाही धड सांगता येत नसे. तिचे वडील महावीर मगदूम यांचं पाइप आणि शेतीपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. गिऱ्हाईक विचारायचं, "अण्णा, धाकटी काय करत्या?" अण्णा छाती फुगवून सांगायचे, "रक्तावर संशोधन करत्या." झालं. संध्याकाळी कुणीतरी साखरेचा रिपोर्ट घेऊन दारात हजर. आपण डॉक्टर नाही, आईबापाकडून पोरांत काय उतरतं आणि कसं उतरतं याचा आपण अभ्यास करतो, हे रुचितानं किती जणांना सांगावं? माणसं मान डोलवायची आणि म्हणायची, "व्हय व्हय, ते बराबर हाय. पर उपाशीपोटी एकशेचाळीस म्हंजे जास्त का?" शेवटी तिनं नाद सोडला आणि निमूटपणे रिपोर्ट बघून द्यायला लागली. पीएच.डी.चा आपल्याला झालेला हा एकमेव रोकडा फायदा, असं ती स्वतःच सांगायची.

एकोणतीस वर्षांची, चणीनं बारीक, बोलायला हळू आणि कामात त्याहून हळू. कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय पुढं जायची नाही. हा स्वभाव जन्माचा नव्हता, तो लागलेला होता. दुसऱ्या वर्षी तिनं बारा नळ्यांचं एक तबक उलट्या बाजूनं यंत्रात ठेवलं होतं. पहिली नळी बारावी झाली आणि बारावी पहिली. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ही बया स्वतःहून मार्गदर्शकांकडं गेली आणि म्हणाली, "सर, माझ्या हातून चूक झाली." डॉ. उदयसिंह सरांनी तेव्हा तिचं कौतुक केलं, आणि ती चूक जन्मभर लक्षात ठेवली. खरं बोलणाऱ्याचं आपल्याकडं असंच होतं.

तिचा विषय होता जन्मजात बहिरेपणा. जिल्ह्यातली अशी सात कुटुंबं तिनं शोधली होती, जिथं पिढ्यानपिढ्या एखाददुसरं मूल बहिरं निपजत होतं. प्रत्येक कुटुंबाची आधी वंशवेल काढायची: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, बहिरं असेल तर आत काळं भरायचं, नवराबायकोंना आडव्या रेघेनं जोडायचं. मग ज्यांची तयारी असेल त्यांचं रक्त घ्यायचं आणि त्यात दोष कुठं आहे ते हुडकायचं. बरोबरची पोरं ही वेल काढताना मेटाकुटीला यायची, कारण पणजोबाचं नाव विचारलं की माणसं आढ्याकडं बघतात. रुचितानं मात्र डोकं चालवलं. तिनं हेळव्याला गाठलं.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा. सुगी झाली की दारात यायचं, खड्या आवाजात त्या घराच्या सात पिढ्या म्हणून दाखवायच्या, नवीन जन्मलेल्यांची नावं पोथीत चढवायची आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जायचं, हा त्याचा पिढीजात व्यवसाय. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो, एवढाच फरक. मल्लू हेळव्यानं चहाचे तीन कप पिऊन चार घराण्यांच्या वेली तिला घडाघडा म्हणून दाखवल्या. सर एवढे खूश झाले की विभागात येईल त्याला सांगत सुटले, "आमच्या रुचितानं बघा काय शक्कल लढवली."

त्या सातांतलं सगळ्यात मोठं कुटुंब गडमुडशिंगीच्या इंगवल्यांचं. कृष्णात इंगवले, त्यांची बायको संयोगिता, आणि तीन मुलं. त्यांतला थोरला राजवीर आणि शेंडेफळ पोरगी, दोघं जन्मापासून बहिरी. राजवीर तेवीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. या घरातून आणि संयोगिताच्या माहेरातून मिळून एकतीस माणसांचं रक्त मिळालं. म्हणजे रुचिताच्या प्रबंधाचा जवळजवळ निम्मा भार या एका घरावर.

आणि ते मिळालं कुणामुळं, तर कृष्णातच्या आई आक्काताईंमुळं. सत्तरीची, खणखणीत आवाजाची बाई. संमतीच्या कागदावर पहिला अंगठा त्यांनी उठवला. "घ्या रगात. सगळ्यांचं घ्या. एकदा कळू दे की हे कुणाकडनं आलं. आमच्यात कुणी बहिरं न्हवतं. ही आली आन् हे आलं." ही म्हणजे संयोगिता. ती तिथंच कपबशा उचलत होती. तिनं मान वर केली नाही. बावीस वर्षं जे रोज ऐकायचं, त्याला माणूस मान वर तरी किती वेळा करणार?

रक्त घेणारा तंत्रज्ञ पुढं गेला, तेव्हा संयोगिता रुचिताला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, एक सांगतो. माझ्याकडनं आलं आसंल तर तसं सांगा. माझी तकरार न्हाय. पर नक्की काय ते सांगा. नुसतं ऐकून घ्यायचा कटाळा आला हो." रुचितानं त्या दिवशी तिला शब्द दिला, जे निघेल ते मी स्वतः येऊन सांगेन. संशोधकानं असे शब्द देऊ नयेत म्हणतात. पण समोर उभं राहिलं की कळतं.

निकाल आला आणि रुचिताचं तोंड उतरलं.

बहिरेपणाचा हा प्रकार असा की, दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन आले तरच मूल बहिरं होतं. एकच आला तर माणूस ठणठणीत, त्याला पत्ताही लागत नाही. इथं कृष्णात आणि संयोगिता, दोघांतही दोष सापडला. इथवर सगळं ठीक. पण तो हुबेहूब एकच होता, आणि तोही क्वचित कुठं आढळणारा. एवढंच नाही, त्याच्या आजूबाजूचा जनुकांचा लांबलचक पट्टासुद्धा दोघांत सारखा, एकाच ठाणातून फाडलेल्या कापडासारखा. असं जवळच्या रक्तातच होतं. आणि वंशवेल तर स्वच्छ सांगत होती की या दोन घरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नात्यात लग्न झालंय का, या प्रश्नापुढं कृष्णातनं स्वतः 'नाही' लिहिलं होतं.

सरांनी कागद बघितले, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "नळ्या बघितल्यास ना नीट?"

तबकाचा उल्लेख त्यांनी केला नाही. करायची गरजच नव्हती.

रुचिता पुन्हा गडमुडशिंगीला गेली, नवराबायकोंचं रक्त नव्यानं घेतलं, नळ्यांवर तिथल्या तिथं नावं घातली, आणि सगळं काम दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातून, त्याला नावं न सांगता करून घेतलं. निकाल तोच. ती कागद घेऊन सरांकडं गेली, तर सर म्हणाले, "मग वेल चुकलेली आहे."

"सर, वेल हेळव्याच्या पोथीतली आहे."

"तेच म्हणतोय मी. पोथी पक्की, रक्त पक्कं, आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. बाहेरचा परीक्षक हे बघेल आणि म्हणेल, पोरीनं गोंधळ घातलाय. त्या एका घरासाठी बाकीच्या सहांवर शंका घेईल. हे घर काढून टाक. फेब्रुवारीअखेर तुझी मुदत संपतेय, वाढवून मिळणार नाही."

"आणि त्यांना काय सांगू?"

"जे आपल्यालाच पटलेलं नाही, ते कुणाला सांगायचं नसतं. निष्कर्ष निघाला नाही, असं पत्र देऊ."

सर दुष्ट नव्हते. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच म्हणालं असतं. पण रुचिताच्या डोळ्यांपुढं ते पत्र आलं. 'निष्कर्ष निघाला नाही.' आक्काताई ते वाचून घेतील आणि म्हणतील, बघा, मी सांगत होतो तेच खरं. आणि संयोगिता कपबशा उचलत राहील. रुचितानं आठ दिवस मागितले. सरांनी पाच दिले.

पहिल्या दिवशी ती मल्लू हेळव्याकडं गेली. त्यानं पोथी पुन्हा वाचली. अक्षर इकडचं तिकडं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती गगनबावड्याकडं निघाली. संयोगिताचं माहेर त्या वाटेवर, डोंगराच्या कुशीतलं गाव. आईनं डबा भरून दिला, जैनांचा, कांदा-बटाटा नसलेला. आमच्या पोरीला बाहेर खायचे वांधे असतात, हे सांगत ती स्टँडपर्यंत आली होती. घाटमाथ्याची थंडी हाडात शिरत होती आणि धुक्यात पुढची म्हैस दिसत नव्हती. माहेरच्या घरी शिकलेले भाऊ-भाचे होते, त्यांचं मागंच सगळं सांगून झालं होतं. त्यामुळं रुचितानं या खेपेला म्हातारं माणूस मागितलं. तेव्हा तिला परसात नेलं. तिथं धोंडुबाई उन्हाची वाट बघत बसल्या होत्या. संयोगिताच्या आजोबांची धाकटी बहीण, पंच्याऐंशीच्या पुढच्या, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या. या घरातलं सगळं ज्यांना माहीत, आणि ज्यांना कुणी काही विचारत नाही, अशा.

"आज्जी, मी संयोगितावहिनींच्या कामासाठी आले."

"कोण संयोगिता?" धोंडुबाईंनी डोळे बारीक केले. "आमच्यात कुणी संयोगिता न्हाय गं बाई. तू दुसऱ्याच घरात आलीयास."

"मुडशिंगीला दिलेली तुमची नात."

"आमची शालन व्हय! मग शालन म्हण की. संयोगिता त्यास्नी. आमाला ती शालनच."

रुचिताच्या हातातलं पेन थांबलं. मांडवात नवरीचं नाव बदलतात, तांदळात नवं नाव लिहितात, हे का तिला ठाऊक नव्हतं? तिची स्वतःची आई माहेरी सुरेखा होती आणि मगदुमांच्या घरात येऊन राजमती झाली. मामा अजून सुरेखा म्हणतो. हे सगळं पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. पण वंशवेल काढताना ते डोक्यात आलं नाही ते नाहीच. हेळवी सासरचं नाव म्हणाला, तिनं गोल काढला. माहेरानं माहेरचं नाव सांगितलं, तिनं दुसऱ्या कागदावर दुसरा गोल काढला. संयोगिता समोर जिवंत होती म्हणून तिचा एकच गोल झाला. मेलेल्या बाईचं कोण सांगणार?

तिनं माहेरचा कागद काढला. त्यावर आजोबांच्या शेजारी दोन बहिणींचे दोन गोल होते: एक धोंडुबाई, आणि एक थोरली, 'सोना, लग्नानंतर लवकर वारली.'

"आज्जी, तुमची थोरली बहीण सोना कुठं दिली होती?"

"मुडशिंगीला की! इंगवल्यात. एक ल्योक झाला, आकाराम. दुसऱ्या बाळंतपणात गेली माझी सोना. मग दाजींनी दुसरी केली आन् येणंजाणं तुटलं. आमच्या बाबाला ते लई लागलं. त्या घराचं नावच काढायचं न्हाय म्हणला."

आकाराम. कृष्णातच्या वारलेल्या वडलांचं नाव. रुचितानं दुसरा कागद उघडला. इंगवल्यांच्या वेलीत आकारामच्या वर एक गोल होता, हेळव्याच्या तोंडून आलेला: 'चिमणाबाई, वारली.' पुढं ना माहेर, ना भाऊ. हेळवी मुली लिहीत नाही, आणि सुना आल्या की त्यांचं मागचं पुसून लिहितो. चिमणाबाई म्हणजेच सोना. एकाच बाईचे दोन गोल काढून तिनं दोन कागदांवर ठेवले होते आणि इतके दिवस म्हणत होती की या दोन घरांचा संबंध नाही.

"मग शालनच्या लग्नात कुणी बोललं नाही?"

"मी बोललो की. म्हणलं, त्याच गावात आमची सोना दिलती, जरा बघा. बाप्यांनी इचारलं, कुळी येगळी हाय न्हवं? देवक येगळं हाय न्हवं? मग झालं तर. म्हातारीचं कोण ऐकतंय?" धोंडुबाईंनी तोंडातलं पान दुसऱ्या गालात सारलं. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मग एकदम त्यांनी विचारलं, "आमच्या सोनाचं काय निगालं का गं?" आणि रुचिताला भडभडून आलं. सत्तर वर्षांत त्या बाईबद्दल कुणीतरी पहिल्यांदा विचारायला आलं होतं, तेही रक्ताच्या एका नळीपायी.

चौथ्या दिवशी तिनं सरांच्या टेबलावर एकच कागद ठेवला. दोन्ही वेली जोडलेल्या, मधे एक गोल. सरांनी बोटानं रेघा मोजल्या, रक्ताचे आकडे शेजारी ठेवले आणि पुन्हा मोजल्या. नवराबायको आते-मामे भावंडांच्या एक पिढी पलीकडचे, पण एकाच पणज्याच्या रक्ताचे. सगळं जिथल्या तिथं बसत होतं. सरांनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी चहा सांगितला, आणि शिपायाला म्हणाले, "मॅडमना बिस्किटं पण आण." सहा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं.

प्रबंध मुदतीत गेला. सगळ्यांनी पेढे मागितले. पण शब्द अजून शिल्लक होता.

गडमुडशिंगीला गेल्यावर तिनं आधी फक्त नवराबायकोंना आत बसवून सांगितलं, कारण नियम तसा होता. संयोगिता म्हणाली, "माझी परवानगी हाय. आत्याबाईंना सांगा. माझ्यासमोर सांगा." कृष्णातनंही मान हलवली.

आक्काताई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. रुचितानं कागद जमिनीवर पसरला आणि बोट ठेवून ठेवून सांगितलं. दोष दोघांकडून आलाय, एकट्या सुनेकडून नाही. दोघांकडून आल्याशिवाय मूल बहिरं होतच नाही. तुमच्या नवऱ्यात तो त्यांच्या आईकडून आला. ती चिमणाबाई म्हणजे शालनच्या माहेरची सोना, शालनच्या आजोबांची सख्खी बहीण.

आक्काताई शेंगा फोडायच्या थांबल्या. मग त्यांचा आवाज चढला. "म्हंजे हिच्याच म्हायेरचं की! मी बावीस वरसं काय येगळं सांगत होतो?"

हे रुचितानं धरलंच नव्हतं. एवढा आटापिटा करून, थंडीत कुडकुडत तिनं जे खरं शोधून आणलं, ते या म्हातारीनं उचलून सुनेच्याच डोक्यात घातलं होतं. आणि शब्दशः बघितलं तर म्हातारी चूकही नव्हती.

संयोगिता दाराला टेकून उभी होती. ती भांडली नाही. तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, चिमणाबाई म्हंजे आपल्या देव्हाऱ्यातल्या न्हवं?"

आक्काताईंनी देव्हाऱ्याकडं बघितलं आणि बघतच राहिल्या. तिथं कुलदेवाच्या शेजारी बाईची आकृती उठवलेला चांदीचा एक लहानसा टाक होता. पहिली बायको सवाष्ण गेली की दुसरीनं तिचा टाक करून पुजायचा, ही त्या घराची रीत. चिमणाबाईंच्या जागी आलेल्या सासूनं तो आयुष्यभर पुजला आणि मरताना आक्काताईंच्या हाती दिला. त्याला दूध दाखवल्याशिवाय या घरात चहा होत नव्हता. लेकरं आजारी पडली की आक्काताई त्या टाकापुढंच पदर पसरत होत्या.

शेवटी आक्काताई म्हणाल्या, पण कुणाला उद्देशून नाही, "सकाळी उठून जिच्या पाया पडायचं, दिवसभर तिच्याच म्हायेराला शिव्या घालायच्या. पंचेचाळीस वरसं पुजली की गं हिला. कुठल्या घरची लेक हाय, एकदा इचारलं न्हाय मी." त्यांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, देव्हाऱ्यातून टाक उचलला, पदरानं पुसला आणि संयोगिताच्या हातावर ठेवला. "घे. तुज्या घरची हाय. उद्यापासनं तूच पूज. मला तोंड न्हाय हिच्याम्होरं बसायला."

संयोगितानं ओंजळ मिटली आणि ती तिथंच खाली बसली. बावीस वर्षांचं रडू एकदम आलं.

राजवीर तेवढ्यात कामावरून आला. आई रडतेय, आजी भिंतीला धरून उभी, परकी बाई बसलेली. त्यानं डबा ठेवला आणि हातांनीच विचारलं, काय झालं? संयोगितानं डोळे पुसले. टाक त्याच्यापुढं धरला. मग त्यावरचं बोट तिनं स्वतःच्या छातीवर नेलं, तिथून दारातल्या कृष्णातकडं, आणि शेवटी त्याच्या छातीवर ठेवलं. राजवीरनं टाकाकडं नीट बघितलं. मग आजीकडं वळून त्यानं तिचा हात धरला आणि तिला आईशेजारी बसवलं.